मावशी, इकडे बघून रडा

"मान हलवू नकोस गं. सगळं घसरतंय."

कल्चरल मॅडमनी माझ्या आईचं डोकं दोन्ही हातांनी धरलं होतं. बाजारात टरबूज धरून फिरवून बघतात, तसं. त्यांच्या दातात केसांच्या पिना होत्या. एकेक पिन काढायच्या आणि आईच्या केसांत खुपसायच्या. पिन टोचली की आईचे डोळे मिटायचे. 

ती खोली शाळेची होती. एरवी तिथं चित्रकलेचा तास व्हायचा. त्या दिवशी तिथं नागपूरहून भाड्यानं आणलेले पोशाख दोरीवर टांगले होते. वासुदेव, कोळीण, धनगर, आदिवासी. आणि आरशांचा लाल घागरा, काचोळी, ओढणी. त्यावर चिठ्ठी लावलेली: बंजारा, लेडीज, मोठा साइज.

आईच्या केसांत त्या घुगरी बांधत होत्या. कानशिलाजवळ केसांत गुंफून खाली सोडायचे ते चांदीचे झुबके. इथले मात्र पत्र्याचे होते. आमच्यात घुगरी लग्न झालेल्या बाईनं घालायची. नवरा असेतोवर घालायची. नवरा गेला की उतरवायची. दंडावरचा पांढरा चुडाही तसाच.

माझे वडील त्याच वर्षी वैशाखात गेले होते. हे शाळेच्या वारसा दिनाचे दिवस म्हणजे डिसेंबर.

"मॅडम," आई म्हणाली, "घागरा घालतो मी. ओढणी घेतो. हे नका घालू. माहा धनी गेला न."

"अगं, नुसता ड्रेस आहे तो. तासाभराचं काम."

"दुसरं काईबी सांगा. रांगोळी काढून देतो. पाव्हण्यायले चहा देतो. हे नका."

खिडकीपाशी खुर्चीवर ट्रस्टींच्या बाईसाहेब बसल्या होत्या. शाळा त्यांच्या घरची. त्यांनी मोबाइलवरून नजर उचलली आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "हे बघ, विधवा-बिधवा आम्ही मानत नाही. ही पुरोगामी शाळा आहे. उलट तुला बरं वाटायला पाहिजे, आम्ही तुला सजवतोय."

त्या पुन्हा मोबाइलकडे वळल्या.

"आणि उद्या कामावर यायचंय ना?"

आईनं मान खाली घातली. मॅडमना सोयीचं झालं. त्यांनी उरलेल्या पिना भराभर लावल्या आणि चुडा दंडावर चढवला. हात जाड, चुडा प्लॅस्टिकचा आणि अरुंद. तो कोपरावर अडला. "तेल आणा रे," मॅडम म्हणाल्या. तेल आणलं. तेल लावून त्यांनी माझ्या विधवा आईच्या हातात चुडा भरला.

मी दारात उभी होते. आठवीत होते. गळ्यात लाल टाय, हातात निवेदनाचं कार्ड. कार्यक्रमाची निवेदिका मीच होते. शाळेत माझ्याइतकं स्वच्छ वाचणारं कुणी नव्हतं.

*

ती शाळा यवतमाळच्या बाहेर, टेकडीच्या उतारावर आहे. सकाळी पिवळ्या बसेस शहरातून पोरं आणतात, संध्याकाळी परत नेतात. मोठं फाटक, फाटकापासून वर जाणारा फरशीचा रस्ता, दोन्ही बाजूंना झाडं, प्रत्येक झाडाला नावाची पाटी. पोरांचे चार गट. गटांची नावंही झाडांचीच: साग, पळस, मोह, बेल. टेकडीवर बांधकाम केलं तेव्हा मोह बरेच तोडले म्हणतात. एक ठेवला. त्याच्याखाली उभं राहून मोह गटाची पोरं शपथ घेत.

शाळेच्या खूप परंपरा होत्या. परंपरा हा शब्द मी तिथंच पहिल्यांदा ऐकला. पायऱ्यांच्या वर पितळेची एक घंटा होती. नवीन आलेल्या प्रत्येक पोरानं पहिल्या दिवशी ती घंटा वाजवायची आणि आपलं पूर्ण नाव मोठ्यानं सांगायचं. मग सगळी शाळा टाळ्या वाजवून ते नाव परत म्हणायची. दहावी झाल्यावर जाताना पुन्हा एकदा वाजवायची. मध्ये कुणी हात लावायचा नाही.

मी मोफतच्या जागेवर आले. गरिबांसाठी राखलेल्या त्या जागा भरायला सरकारला उशीर झाला. आम्ही काही पोरं शाळा सुरू झाल्यावर बऱ्याच दिवसांनी दाखल झालो. मी घंटेकडे बघितलं. शिक्षक म्हणाले, "ते झालं आता. चला, वर्गात बसा."

माझं नाव त्या शाळेनं कधी म्हटलं नाही.

आमचा तांडा दारव्हा रस्त्यावर, रस्त्यापासून आत. शाळेची बस तिथवर येत नव्हती. मी सहा वर्षांची. एकटी कशी जाणार? म्हणून याडीनं त्याच शाळेत काम धरलं. आम्ही आईला याडी म्हणतो. वर्ग झाडायचे, संडास धुवायचे, लहान पोरांनी ओकलं तर पुसायचं. सकाळी फाट्यावरून जीपमध्ये आम्ही दोघी सोबत बसायचो. शाळेच्या फाटकाशी उतरलो की मी समोरून जायचे आणि ती भिंतीच्या कडेनं मागच्या बाजूला. काम करणाऱ्यांचं फाटक मागे, स्वयंपाकघराजवळ होतं.

पहिल्याच दिवशी तिचा वेश बदलला. ती फेटिया नेसून गेली होती. आमच्या बायकांचा भरतकामाचा घागरा. वर काचोळी, हातभर बांगड्या. सुपरवायझर म्हणाला, "हे इथं चालणार नाही. बांगड्या वाजतात, वर्ग डिस्टर्ब होतात." तिला राखाडी साडी दिली. बांगड्या उतरवायला लावल्या. चुडा तेवढा निघाला नाही, म्हणून त्यावर साडीच्याच रंगाची चिंधी बांधायला सांगितली. वाजू नये म्हणून. सौभाग्याचा चुडा तिनं वर्षानुवर्षं चिंधीत गुंडाळून फरशी पुसली.

तिला सगळे मावशी म्हणत. पोरं, मॅडम, सुपरवायझर. चार बायका होत्या, चारही मावशी. हाक मारली की चौघी वळायच्या. मला 'मावशीची' म्हणत. "ए मावशीची, तुझ्या आईला सांग ना, माझा डबा सांडलाय." मी वाचनालयात जाऊन बसायचे. तिथं कुणी हाक मारत नसे. माझं सगळं वाचन त्या हाकेपासून लपून झालं.

घंटा रोज पुसायचं काम याडीकडे होतं. चिंचेनं घासून ती लखलखीत करायची. घासताना लोलक एका हातात घट्ट धरून ठेवायची. आवाज होऊ नये म्हणून.

*

वारसा दिन ही शाळेची सगळ्यात मोठी परंपरा. मैदानावर खोटं गाव उभारायचे. कुडाच्या झोपड्या, पुठ्ठ्याची विहीर, खरी बैलगाडी. पोरं शेतकरी व्हायची, वासुदेव व्हायची. तांडा दाखवायचा असला की गोऱ्या पोरींच्या गालांना तपकिरी रंग लावायचे. आमच्यासारखं दिसावं म्हणून. एकदा रंग संपला तर कॉफी पावडर कालवली. पालक फोटो काढायचे. "किती क्यूट!" आमचा खरा तांडा तिथून जीपनं अर्ध्या तासावर होता. तो बघायला कुणी आलं नाही.

त्या वर्षी मोठे पाहुणे येणार होते. बाईसाहेबांच्या डोक्यात आलं की या वेळी सगळं अस्सल पाहिजे. रंग लावलेल्या पोरी नकोत. मग कुणाला तरी आठवलं, आपल्याकडे एक मावशी बंजाराच आहे.

राखाडी साडी उतरव, म्हणाले. आता फेटिया घाल. आता बांगड्या वाजव.

वडील किडनीच्या आजारानं गेले. यवतमाळच्या दवाखान्यात याडी दिवसभर त्यांच्याजवळ बसायची, मी शाळा सुटल्यावर जायचे. ते गेले तेव्हा बायका चुडा उतरवायला आल्या. याडी म्हणाली, "थांबा. मी काढतो." इतक्या वर्षांची चिंधी तिनं आधी सोडली. मग चुडा काढला. मग घुगरी. कुणाला हात लावू दिला नाही. सगळं वडिलांच्या पागोट्याच्या कापडात बांधलं आणि ते गाठोडं पेटीत ठेवलं. पुन्हा उघडलं नाही. रडलीही नाही. त्या बायकांतली काकी, म्हणजे माझ्या मोठ्या काकांची बायको, म्हणाली, "दगड हाय बाई." याडीनं ऐकलं आणि भाकरी टाकायला बसली.

आमच्यात रडण्याचीही रीत असते. ढावलो म्हणतात. लग्न होऊन जाणारी पोरगी एकेकाच्या गळ्यात पडून सुरात रडते. रडत रडत गाते. बाप, भाऊ, आपलं घर, आपल्या गाई, सगळ्यांना नाव घेऊन निरोप देते. ते तिला म्हाताऱ्या बायका शिकवतात. ते गाणं नसतं. ऐकणारा आणि गाणारा दोघंही रडतात, तेव्हाच तो ढावलो. नुसता ऐकायला कुणी बसत नाही.

कल्चरल मॅडमनी तो कुठंतरी वाचला होता. कार्यक्रमपत्रिकेत लिहिलं होतं: बंजारा वधूचे रुदनगीत, सादरीकरण, मावशी.

*

बैलगाडी स्टेजच्या मधोमध उभी केली होती. याडीला तिच्यावर बसवलं. समोर खुर्च्यांवर पाहुणे, मागे पालक, त्यामागे जमिनीवर पोरं. मी डाव्या कोपऱ्यात माइकपाशी.

कार्डावर पहिली ओळ होती: "सदैव हसतमुख, रंगांवर प्रेम करणारी ही भटकी जमात दुःख म्हणजे काय ते जाणत नाही." मी ती वाचली. माझा आवाज स्पीकरमधून मला परत ऐकू आला. स्वच्छ, शुद्ध. पुढची ओळ होती: "आता ऐकू या त्यांचे गमतीदार रडणे."

ती मी वाचली नाही.

 मॅडम विंगेतून हातवारे करत होत्या. मला वाटलं, विसरले असं समजतील. मग त्यांनी तिथूनच याडीला खूण केली. "म्हण. म्हण ना गं."

याडी गाडीवर बसली होती. लाल ओढणी, पत्र्याच्या घुगरी, तेलानं चकाकणारे दंड. तिनं त्या चुड्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आणि तिच्या तोंडातून सूर निघाला.

पहिल्या दोन शब्दांतच मला कळलं, हा नवरीचा ढावलो नाही. ती बापाला निरोप देत नव्हती. ती माझ्या वडिलांना हाक मारत होती. वैशाखात जे रडली नव्हती ते आता रडत होती. तू मला राखाडी कापडात सोडून गेलास. तू गेलास आणि यांनी मला पुन्हा नवरी केलं. आमच्या बोलीत. त्या मैदानावर ती बोली कळणारी एकटी मी होते.

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सूर चढला तशा टाळ्या वाढल्या. कुणीतरी शिट्टी वाजवली. "वन्स मोअर!" एक पाहुणे शेजारच्याला म्हणाले, "बघा, काय अभिनय आहे. शिकवून येत नाही हे." फोटोग्राफर गाडीच्या चाकाशी गुडघा टेकून बसला होता. याडीनं ओढणीत तोंड लपवलं तसा तो म्हणाला,

"मावशी, इकडे. इकडे बघून रडा."

तिनं बघितलं. सवय होती. मावशी म्हटलं की ती वळायची.

मी माइक ओढला. मला भाषण येत होतं, वादविवाद येत होता, शाळेनंच शिकवलं होतं. त्यातलं काही आठवलं नाही. मी म्हणाले, "टाळ्या थांबवा. ही केसळीबाई. ही माझी याडी आहे. हिचा धनी..."

माइक बंद झाला. विंगेत कुणीतरी बटण दाबलं होतं. माझे ओठ हलत राहिले. मग स्पीकरवर ढोलाची गाणी सुरू झाली आणि पुढच्या गटाची पोरं नाचत स्टेजवर आली. वासुदेव, कोळणी, धनगर. आम्ही दोघी त्यांच्या मधोमध.

मी गाडीवर चढले आणि तिच्या केसांतली घुगरी सोडायला लागले. पिना घट्ट होत्या. केस तुटले. तिच्या कानशिलातून थोडं रक्त आलं. ती माझा हात धरून म्हणत होती, "रेदे, छोरी. रेदे." राहू दे, पोरी. राहू दे. मी राहू दिलं नाही. दोन्ही घुगरी काढल्या आणि गाडीच्या जुवावर टाकल्या. चुडा निघाला नाही. तो घरी जाऊन, साबण लावून काढला.

"चाल याडी. घरेन चाल."

*

घरी इतक्या लवकर जाता आलं नाही. आधी ऑफिसात नेलं.

बाईसाहेब खुर्चीवर बसायला तयार नव्हत्या. अपमान त्यांचा झाला होता. "पाहुण्यांसमोर! आम्ही तुम्हाला स्टेज दिलं. तुम्ही लोक कुठे होतात, कुठे आणून बसवलं! हिला फुकट शिकवलं, तिचं हे फळ?"

याडीनं हात जोडले. दंडावर चुडा तसाच. "लहान हाय बाईसाहेब. चुकली. माफी करा तिले."

"मी चुकले नाही," मी म्हणाले.

कल्चरल मॅडम समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "बेटा, तू हुशार आहेस. तुला कळतं, ते फक्त नाटक होतं."

"ती खरं रडत होती."

"तेच तर सुंदर होतं ना!"

हे वाक्य मी अजून विसरले नाही. त्या वाक्यात त्या मला सगळ्यात जास्त समजल्या. त्यांना ते खरं आहे हे कळलं होतं. कळलं म्हणूनच त्या टाळ्या वाजवत होत्या.

दुसऱ्या दिवशी याडीला कामावर घेतलं नाही. मला कुणी काढलं नाही. माझी जागा सरकारी, काढणं अवघड. फक्त माझ्याशी बोलणं बंद झालं. वर्गात माझा बाक शेवटी गेला. पोरी म्हणायच्या, "तिच्याशी बोलू नका, ती रडायला लावेल." वर्ष संपलं तशी मी दारव्ह्याच्या शाळेत गेले. निघताना घंटेपाशी थांबले. ती काळी पडायला लागली होती. हात लावला नाही.

इथं संपलं असतं तर मी हे लिहिलं नसतं.

उन्हाळ्यात नव्या प्रवेशांची जाहिरात लागली. दारव्ह्याच्या आठवडी बाजाराच्या तोंडाशी भला मोठा फ्लेक्स. त्यावर माझी आई. फोटो अशा क्षणी काढलेला की रडताना उघडलेलं तोंड हसल्यासारखं दिसत होतं. डोळ्यांतलं पाणी पुसून टाकलेलं, कॉम्प्युटरवर. केसांत घुगरी, दंडावर चुडा. खाली ओळ: 'मातीशी नातं, जगाशी स्पर्धा.'

बाजाराच्या दिवशी सगळा तांडा तिथं जातो.

काकी घरी आली ती पिशवी खाली न ठेवताच बोलायला लागली. "काहून वं, वर्ष नाही झालं देराले जाऊन, आन तू चुडा भरून दात काढून राह्यली? दुसरा धनी भेटला काय शयरात?"

"शाळेतल्या बायायनं घातला, जाऊबाई."

"तुह्या हाताले काय बांधलं होतं काय?"

 पुढच्या बाजाराला याडी स्वतः गेली, मी सोबत होते. फ्लेक्ससमोर उभी राहिली. वर तिचं तोंड तिच्याहून मोठं. मिरच्या विकणारा एक जण एकदा वर बघायचा, एकदा तिच्याकडे. म्हणाला, "मावशी, तुमीच का हे? लय भारी दिसून राह्यल्या." तिनं ओढणी तोंडावर ओढली. आम्ही मीठसुद्धा न घेता परतलो.

त्यानंतर ती त्या बाजाराला कधी गेली नाही. पावसानं, उन्हानं तो फ्लेक्स फाटला. पण तांड्यात तो लागलेलाच राहिला. बायका पाणवठ्यावर हसायच्या. लग्नात तिला हळदीला लांब बसवायच्या, विधवा म्हणून. आणि वर म्हणायच्या, हिचं काय, ही तर सवाशीण हाय. दोन्हीकडून मारायच्या.

मला विचारतात, तू शिकलेली, तुला विधवेनं चुडा उतरवायचा हे पटतं का? नाही पटत. नवरा मेला म्हणून बाईचा हात उघडा करायचा ही रीत मला मान्य नाही. याडीशी मी यावरून भांडलेही आहे. म्हणायचे, घाल तुझ्या बांगड्या, कोण काय म्हणतं बघू. ती म्हणायची, "मनात आलं तं घालीन. माह्या मनात आलं तं." बाईसाहेब म्हणाल्या, आम्ही मानत नाही. काकी म्हणाली, आम्ही मानतो. तुझ्या मनात काय आहे, हे दोघींपैकी एकीनंही विचारलं नाही. एकीनं तिच्या हातात चुडा जबरदस्तीनं भरवला, दुसरी तो जबरदस्तीनं उतरवायला निघाली होती. तिनं स्वतः केलेली एकच गोष्ट होती: तो चुडा आपल्या हातानं काढून, कापडात बांधून ठेवणं. तेवढंच तिचं होतं. तेच त्यांनी घेतलं.

*

याडी या वर्षी गेली. पांढरकवड्याला, माझ्याजवळ. मी तिथल्या कॉलेजात ग्रंथालयात काम करते. शेवटी तिला बोलता येत नव्हतं. माझ्या मनगटावरचं घड्याळ ती बोटांनी चाचपत राहायची.

तिला तांड्यावर नेलं. तांड्याच्या पोरांनी मायेनं श्रद्धांजलीचा बॅनर छापायला घेतला. घरात तिचा धड फोटो नव्हता. त्या फ्लेक्सनंतर ती कॅमेऱ्यासमोर आली नव्हती. पोरांनी मोबाइलवर शोधलं. शाळेच्या पानावर सापडला. फाट्यावर आम्ही तिला घेऊन पोचलो तेव्हा बॅनर लागलेला होता. भावपूर्ण श्रद्धांजली. घुगरी, चुडा, पुसलेले डोळे, हसणारं तोंड.

काकी आता म्हातारी झाली आहे. बॅनरकडे बघून ती बोललीच, "मेल्यावरबी नवरीच."

मी तो बॅनर उतरवला. कुणाला काही म्हणाले नाही. पोरं बिचारी ओशाळली. बॅनरशिवाय तिला नेलं.

तिचे दिवस झाले आणि शाळेचा फोन आला. कल्चरल मॅडम आता प्राचार्य आहेत. त्याच बोलत होत्या. "आत्ताच कळलं गं. किती गोड होती मावशी. ऐक, यंदाचा वारसा दिन आपण तिला अर्पण करतोय. तिचा तो फोटो आपल्या प्रवेश दालनात आहेच. तिथं आपण वारसा कोपरा करतोय. तू माजी विद्यार्थिनी. हार तुझ्याच हातून घालायचा. आणि दोन शब्द बोल. तू किती छान बोलायचीस."

मी म्हणाले, आधी बघून जाते.

गेल्या आठवड्यात गेले. पुढच्या फाटकातून. फोटो काचेच्या फ्रेममध्ये, माणसाच्या उंचीचा, दारातून आत येताच समोर. खाली पितळेची पट्टी: 'बंजारा स्त्री'.

"हिचं नाव नाही लिहिलं?" मी विचारलं.

मॅडम जरा गोंधळल्या. "नाव... आपण मावशीच म्हणायचो ना तिला?"

"मी नाही म्हणायचे."

"बरं, तू सांग, आपण टाकू ना. केवढंसं काम."

"नाव नको टाकायला. फोटो काढा."

त्या हसल्या. तेच जुनं समजावणीचं हसू. "अगं, ती आता तुझी एकटीची नाही राहिली. ती आमच्या वारशाचा चेहरा आहे. आणि तसंही तो भिंतीत पक्का बसवलाय. निघायचा नाही."

बाहेर पायऱ्यांवर घंटा होती. कुणीतरी चांगली पुसली होती. मागच्या बाजूनं एक बाई राखाडी साडीत बादली घेऊन येत होती. मॅडमनी हाक मारली, "ए मावशी, इथं पाणी सांडलंय बघ." ती वळली.

मी परत आत गेले आणि फ्रेम नीट पाहिली. पक्की बसवलेली नाही. चार कोपऱ्यांना चार स्क्रू आहेत. साधे, फुलीच्या खाचेचे.

वारसा दिनाला मी जाणार आहे. पाहुणे असतील, पालक असतील, मैदानावर कुडाची झोपडी असेल, गालांना रंग लावलेल्या पोरी असतील. मी आधी ती घंटा वाजवीन. त्या शाळेच्या रीतीप्रमाणे पूर्ण नाव सांगेन. माझं नाही. तिचं. मग जे वाक्य त्यांनी बटण दाबून तोडलं होतं ते शेवटपर्यंत बोलेन. हिचा धनी मेला होता, हिनं आपला चुडा आपल्या हातानं उतरवला होता, आणि तुम्ही तेल लावून तो पुन्हा भरलात. त्याला माइक लागत नाही.

मॅडमना कळवलं आहे, हार आणू नका. त्यांना वाटतं, मी आणणार आहे.

माझ्या पिशवीत स्क्रू-ड्रायव्हर आहे.